सॉफ्ट शॅडो कशी आणायची? इंटिरिअर रेंडरिंगची सेवा देणाऱ्यांसाठी एक धडा



व्हिडिओत आपण कुठलं बटण कुठे आहे ते पाहतो. पण सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं की बटणं जागा बदलतात, आणि मग "सर, माझ्याकडे तो पर्यायच दिसत नाही" असं होतं. म्हणून या लेखात आपण बटणामागचं कारण समजून घेऊ. कारण कळलं की ब्लेंडर असो, व्ही-रे असो किंवा उद्या येणारं एखादं तिसरंच सॉफ्टवेअर असो, तुमचं काम अडत नाही.

घरातून थ्री-डी रेंडरिंगची सेवा सुरू करणं हा कमी भांडवलाचा व्यवसाय आहे. ब्लेंडर फुकट आहे. बरा कॉम्प्युटर आणि शिकायची तयारी एवढ्यावर सुरुवात होते. ग्राहकही आपल्याच गावात असतात: इंटिरिअर डिझायनर, मॉड्युलर किचनवाले, फर्निचरचे कारखानदार, छोटे बिल्डर. अडचण येते ती पहिल्या दोन-तीन कामांत. तुम्ही रेंडर पाठवता आणि समोरून उत्तर येतं, "छान आहे हो, पण जरा कार्टूनसारखं वाटतंय."

काय चुकलंय ते ग्राहकाला सांगता येत नाही, कारण तो त्याचा विषय नाही. मग आपण सोफा बदलतो, टाइल्सचं टेक्स्चर बदलतो, भिंतीचा रंग बदलतो. दोन रात्री जातात आणि ग्राहक पुन्हा तेच म्हणतो. अशा वेळी सगळ्यात आधी सावल्या तपासा. सोफ्याखालची, टेबलाखालची, पडद्यामागची सावली ब्लेडने कापल्यासारखी असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही चित्र खोटं वाटतं. आपण जन्मापासून खऱ्या सावल्या बघत आलोय. कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला फरक कळतो.

सावली मऊ का होते?

आधी कॉम्प्युटर बंद ठेवून एक प्रयोग करा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि भिंतीसमोर हात धरा. सावलीच्या कडा धारदार दिसतील. आता टॉर्च बंद करून चार फुटी ट्यूबलाइट लावा आणि हात तसाच धरा. कडा विरघळल्यासारख्या दिसतील.

हात तोच, भिंत तीच. बदलला तो फक्त प्रकाश देणाऱ्या वस्तूचा आकार.

अजून एक गंमत बघा. ट्यूबलाइटच्या खाली टेबलावर कागद ठेवा आणि त्याच्या थोडं वर पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल ट्यूबला समांतर असेल तर तिच्या लांब कडांची सावली बरीच स्पष्ट पडते. तीच पेन्सिल ९० अंशात फिरवा, सावली पसरट आणि पुसट होते. ट्यूब लांब आहे पण रुंद नाही, त्यामुळे सावली फक्त तिच्या लांबीच्या दिशेने पसरते. हा प्रयोग केला की निम्मा धडा तिथेच संपला.

शाळेत ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया आणि उपच्छाया हे शब्द होते, आठवतात? जिथे दिवा पूर्ण झाकला जातो ती गडद प्रच्छाया. जिथून दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही झाकला जातो ती उपच्छाया. सॉफ्ट शॅडो म्हणजे ही उपच्छायाच. टेबलाखाली मुंगी होऊन वर बघताय अशी कल्पना करा. एका जागेवरून दिवा पूर्ण दिसतो, थोडं पुढे सरकलं की अर्धा, अजून पुढे गेलं की अजिबात नाही. दिवा मोठा असेल तर हा बदल हळूहळू होतो. टाचणीच्या टोकाएवढा असेल तर एका क्षणात होतो.

हिशोब अगदी सोपा आहे

उद्योजकाला आकडे आवडतात, म्हणून हे सूत्र वहीत लिहून ठेवा:

मऊ कडेची रुंदी = दिव्याचा आकार × वस्तूपासून सावलीपर्यंतचं अंतर ÷ दिव्यापासून वस्तूपर्यंतचं अंतर

उदाहरण घेऊ. छत ९ फुटांवर, म्हणजे साधारण २.७५ मीटर. डायनिंग टेबल ७५ सेंटिमीटर उंच. म्हणजे छतातल्या दिव्यापासून टेबलाची कड २ मीटर खाली आणि टेबलापासून जमीन ७५ सेंटिमीटर खाली.

• छतात १० सेंटिमीटरचा गोल डाउनलाइट असेल तर १० × ७५ ÷ २०० = ३.७५ सेंटिमीटर. कड थोडी मऊ.

• २ फूट बाय २ फूट, म्हणजे ६० सेंटिमीटरचं एलईडी पॅनल असेल तर ६० × ७५ ÷ २०० = २२.५ सेंटिमीटर. कड जवळजवळ विरून जाते.

• दिव्याचा आकार शून्य दिला असेल तर उत्तर शून्य. हीच ती कार्टूनवाली सावली.

या सूत्रातून दुसरीही गोष्ट कळते. वस्तू जमिनीच्या जितकी जवळ, तितकी सावली धारदार. खुर्चीचा पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे सावली स्पष्ट असते आणि पाठीच्या सावलीपर्यंत जाताना ती मऊ होत जाते. म्हणून सगळीकडे सारखीच पुसट केलेली सावलीही खोटी दिसते. काही जण फोटो एडिटिंगमध्ये जाऊन सावलीवर ब्लर मारतात. त्यात हा फरक येत नाही, आणि खुर्ची हवेत तरंगल्यासारखी वाटते.

खोलीत प्रकाश येतो कुठून?

आता कॉम्प्युटर सुरू करा. इंटिरिअरच्या सीनमध्ये साधारण चार प्रकारचे प्रकाश असतात. प्रत्येकाला त्याचा खरा आकार द्यायचा, एवढंच काम आहे.

१. सूर्य. सूर्य प्रचंड मोठा आहे, पण इतका लांब आहे की आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, नेमकं सांगायचं तर ०.५३ अंश. ब्लेंडरमध्ये सन लाइट निवडल्यावर 'अँगल' नावाची जागा असते, तिथे ०.५३ भरा. व्ही-रेमध्ये सूर्याला 'साइज मल्टिप्लायर' असतो, तिथे १ म्हणजे खरा आकार. खऱ्या सूर्याची सावली बऱ्यापैकी धारदारच असते. खिडकीच्या चौकटीपासून १ मीटरवर तिची कड साधारण १ सेंटिमीटर मऊ होते, ३ मीटरवर जेमतेम ३ सेंटिमीटर. त्यामुळे उन्हाचा कवडसा स्पष्ट दिसला तर घाबरू नका, तो तसाच असतो. थोडं धुरकट ऊन हवं असेल तर आकडा २-३ पर्यंत वाढवा. पण ढगाळ दिवस दाखवायचा असेल तर सूर्य मोठा करत बसू नका. सूर्य बंदच करा आणि आकाशावर काम चालवा.

२. आकाश. दिवसाच्या इंटिरिअरमध्ये खरी मऊ सावली आकाशामुळे येते. खोलीच्या दृष्टीने खिडकी म्हणजे ५ फूट बाय ४ फुटांचा एक मोठा दिवाच. यासाठी एचडीआरआय फोटो किंवा सॉफ्टवेअरमधलं तयार आकाश वापरा. पॉली हेवन या साइटवर एचडीआरआय फुकट मिळतात आणि व्यावसायिक कामात वापरता येतात. एक काळजी घ्या. एचडीआरआयमध्ये सूर्य असेल आणि तुम्ही वेगळा सन लाइटही लावला, तर सीनमध्ये दोन सूर्य होतात आणि प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात. एकच ठेवा.

३. छतातले दिवे. डाउनलाइट, पॅनल, झुंबर. पॉइंट लाइट वापरत असाल तर 'रेडियस' शून्य ठेवू नका. साध्या एलईडी बल्बचा व्यास ६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून रेडियस ०.०३ मीटर. पॅनलसाठी एरिया लाइट घ्या आणि पॅनलचं खरं माप द्या. ब्लेंडरमधले वॉट आणि दुकानातल्या बल्बवरचे वॉट एक नाहीत, त्यामुळे ९ वॉटचा बल्ब म्हणून ९ लिहू नका. डोळ्याला योग्य दिसेल तेवढा उजेड ठेवा. माप मात्र खरं द्या.

४. कोव्ह लाइट. फॉल्स सीलिंगच्या खाचेत लपवलेली एलईडी पट्टी. इथे पट्टी छताला उजळते आणि उजळलेलं छत खोलीला प्रकाश देतं. म्हणजे अख्खं छतच दिवा होतं, म्हणून सावल्या खूप मऊ पडतात. पट्टी जिथे बसणार तिथेच ठेवा आणि प्रकाशाला भिंतीवरून, छतावरून उसळू द्या. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स ४ असतात. बंद खोलीसाठी ६ ते ८ करून बघा, कोपरे उजळतात.

चार जागा, जिथे सगळे अडकतात

पहिली, खिडकीची काच. सायकल्समध्ये खिडकीला साधं ग्लास मटेरियल दिलं की सूर्याचा सरळ प्रकाश अडतो. खोली अंधारी होते आणि चित्रात दाणे येतात. उपाय सोपा आहे: काच काढून टाका, किंवा सावलीच्या किरणांसाठी ती पारदर्शक करा. व्ही-रेमध्ये रिफ्रॅक्शनखाली 'अफेक्ट शॅडोज' असा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

दुसरी, पांढरा रंग. भिंत पांढरी म्हणून रंगाची किंमत पूर्ण १ ठेवली, तर आलेला सगळा प्रकाश परत फेकला जातो. अशी भिंत जगात कुठेच नाही. चांगला पांढरा रंगही साधारण ८० टक्के प्रकाश परत करतो. किंमत ०.८ च्या वर नेऊ नका. नाहीतर प्रकाश उसळत राहतो आणि कोपऱ्यांतल्या नाजूक सावल्या धुऊन जातात.

तिसरी, तरंगतं फर्निचर. मॉडेल आयात करताना सोफा जमिनीच्या ५ मिलिमीटर वर राहिला, तर कॅमेऱ्यातून ते कळत नाही. पण सावली चुगली करते. प्रत्येक वस्तू जमिनीला टेकली आहे का ते बाजूच्या व्ह्यूमधून तपासा.

चौथी, कॅमेऱ्यामागे लपवलेला दिवा. खोली अंधारी वाटली की बरेच जण कॅमेऱ्यामागे एक मोठा एरिया लाइट लावतात. समोरून प्रकाश आला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि चित्र सपाट होतं. त्याऐवजी एक्स्पोजर वाढवा. खरा फोटोग्राफरही अंधाऱ्या खोलीत आधी कॅमेऱ्याचं सेटिंग बदलतो.

मऊ सावलीची किंमत: वेळ

आता धंद्याची गोष्ट. मऊ सावली फुकट येत नाही. का, ते थोडक्यात बघू.

१९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी रे ट्रेसिंगचा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. त्या पद्धतीत सावली आहे की नाही हे ठरवायला दिव्याच्या एकाच बिंदूकडे किरण पाठवला जाई, म्हणून सावल्या धारदार येत. १९८४ मध्ये रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कारपेंटर यांनी वेगळी वाट दाखवली: दिव्याच्या पूर्ण पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिकाणी किरण पाठवा आणि सरासरी घ्या. आजची सॉफ्टवेअर याच विचारावर चालतात. किरण कमी पाठवले तर सरासरी नीट येत नाही, आणि नेमक्या मऊ सावलीच्या पट्ट्यात दाणे दिसतात. यालाच आपण नॉइज म्हणतो.

आता गणित लक्षात ठेवा: दाणे निम्मे करायचे असतील तर सॅम्पल चौपट लागतात. समजा २५६ सॅम्पलला एका व्ह्यूला १० मिनिटं लागतात. दाणे निम्मे करायला १०२४ सॅम्पल, म्हणजे साधारण ४० मिनिटं. पाच व्ह्यूंचं काम असेल तर ५० मिनिटांचे ३ तास २० मिनिटं झाले. आणि ग्राहकाने "सोफा निळा करा" म्हटलं की पुन्हा तेवढेच. वीजबिल आणि तुमचा वेळ, दोन्ही तुमच्याच खिशातून जातात.

म्हणून असं काम करा:

• चाचणी रेंडर अर्ध्या रिझोल्यूशनवर काढा. रुंदी आणि उंची दोन्ही अर्धी केली की पिक्सेल एक चतुर्थांश होतात आणि वेळही जवळपास तेवढाच कमी लागतो.

• आधी फर्निचरला साधा राखाडी रंग देऊन फक्त प्रकाश बसवा. सावल्या पटल्या की मग रंग आणि टेक्स्चर.

• एचडीआरआय वापरताना ब्लेंडरमध्ये खिडकीवर एरिया लाइट ठेवून 'पोर्टल' चालू करा. त्याने उजेड वाढत नाही, पण किरण कुठे पाठवायचे ते सॉफ्टवेअरला कळतं आणि दाणे कमी होतात.

• शेवटी डीनॉइझर वापरा, पण त्याच्यावर सगळं सोपवू नका. सॅम्पल फारच कमी असतील तर तो सोफ्याच्या पायाजवळची बारीक सावलीही पुसून टाकतो. डीनॉइज केल्यावर चित्र १०० टक्के झूम करून वस्तूंचे पाय बघा.

सुंदर की खरं?

हा भाग नीट वाचा, कारण धंदा इथेच टिकतो किंवा बुडतो.

तुमचं रेंडर बघून समोरचं कुटुंब निर्णय घेतं. मुलीचं अभ्यासाचं टेबल कुठे ठेवायचं, बाल्कनीची ग्रिल बंद करायची का, दिवसा दिवा लावावा लागेल का. तुम्ही उत्तरेच्या खिडकीतून डिसेंबरच्या दुपारी सोनेरी कवडसा दाखवलात, तर चित्र देखणं दिसेल. पण सहा महिन्यांनी ते लोक तिथे राहायला जातील आणि ऊन येणारच नाही. मग फोन डिझायनरला येतो आणि डिझायनर पुढचं काम दुसऱ्याला देतो.

पुण्याचं उदाहरण घेऊ. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंश उंचीवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल तर ऊन जमिनीवर साधारण ६ फूट आत येतं. त्याच पातळीला २ फुटांचा छज्जा असेल तर तेवढं कमी. जूनमध्ये गोष्ट उलटी होते. तेव्हा भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर आणि किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून त्या वेळी सरळ ऊन येतच नाही. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. सूर्य बरोबर डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो तो हाच टप्पा.

म्हणून काम घेतानाच तीन गोष्टी विचारा: प्लॅनवर उत्तर दिशा कुठे आहे, खिडकीला छज्जा किती आहे, समोर दुसरी इमारत किती अंतरावर आहे. समोर उंच इमारत असेल तर तिच्या जागी साधा राखाडी ठोकळा ठेवा. त्या एका ठोकळ्याने पहिल्या मजल्यावरच्या घराचा प्रकाश खरा दिसायला लागतो.

आणि रेंडरच्या खाली छोट्या अक्षरात लिहा: "डिसेंबर, दुपारी १२:३०, दक्षिणेची खिडकी." कोटेशनमध्येही लिहा की किती व्ह्यू मिळतील, किती वेळा बदल मोफत आणि प्रकाशाची वेळ बदलायची असेल तर वेगळा आकार. ग्राहकाला यात तुमचा अभ्यास दिसतो, आणि वाद झालाच तर कागद तुमच्या बाजूने बोलतो. ग्राहकाला घर उजळ हवं असेल तर खोटा सूर्य लावण्यापेक्षा सांगा, "इथे दिवसा प्रकाश कमी आहे, कोव्ह लाइट आणि फिकट भिंत घेतली तर असं दिसेल." हा सल्ला दिलात की पुढच्या वेळी तो ग्राहक तुमच्याकडे चित्र काढायला येताना सल्ला मागायलाही येईल.

या आठवड्याचा गृहपाठ

एक रिकामी खोली, एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर एक तांब्या. टेबलाच्या २ मीटर वर चौकोनी एरिया लाइट. तीन रेंडर काढा: दिव्याचा आकार ५ सेंटिमीटर, २० सेंटिमीटर आणि ६० सेंटिमीटर. पॉवर आणि सॅम्पल तेच ठेवा. प्रत्येकाला किती वेळ लागला आणि दाणे कुठे आले ते वहीत लिहा. मग वरच्या सूत्राने तिन्हींची मऊ कड काढा आणि चित्राशी ताडून बघा.

तिन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून घरातल्या कुणाला तरी दाखवा. आईला, मावशीला, शेजारच्या काकांना. काही समजावून सांगू नका, फक्त विचारा, "यातलं खरं कुठलं वाटतं?" त्यांचं उत्तर लिहून ठेवा, कारण तुमचा ग्राहकही असाच बघणार आहे. आणि ही तीन चित्रं पोर्टफोलिओत घाला. पहिल्या भेटीत डिझायनरला ती दाखवून फरक दोन मिनिटांत सांगता आला, तर तो तुम्हाला दर विचारण्याआधी "कधीपासून काम सुरू करताय?" असं विचारेल.

पुढच्या धड्यात रात्रीच्या सीनमध्ये पिवळा आणि पांढरा दिवा एकत्र कसा वापरायचा ते पाहू. तोपर्यंत ट्यूबलाइटखाली पेन्सिल धरून बघाच!